बल्ब नवा घातला, आता ब्रेक दाबला की नंबर प्लेटही उजळते

रात्रपाळी

हॅचबॅक, १२ व्होल्ट. डावीकडचा टेल लाईट बंद होता, ब्रेक लाईट चालू होता. बल्ब काढला तर आतल्या दोन तारांपैकी बारीक तार तुटलेली. दिसायला तसाच बल्ब आणून बसवला, बसताना थोडा जोर लावावा लागला. आता हेडलाईटचं बटण बंद असतानाही ब्रेक दाबला की दोन्ही टेल लाईट, नंबर प्लेटचे दिवे आणि डॅशबोर्डवरची बटणं उजळतात. उलट लाईट लावले तर ब्रेकला पाय न लावता तिन्ही ब्रेक लाईट पेटून राहतात. फ्यूज शाबूत आहेत. होल्डरवर थोडा हिरवा गंज आहे. वायरिंग शॉर्ट झालंय की अर्थ (करंट बॉडीवाटे बॅटरीला परत नेणारी वायर) गेलाय? आणि पुन्हा हे काम निघू नये म्हणून सरळ एलईडी टाकला तर?

बारा_व्होल्ट

जोर लावावा लागला म्हणता, गोम तिथेच आहे. वायरिंगला हात लावू नका, आधी बल्ब बाहेर काढून त्याचा तळ बघा.

टेल आणि ब्रेक एकाच बल्बमध्ये असतात तेव्हा तो बहुधा पी२१/५डब्ल्यू असतो. त्यात २१ वॉटची तार ब्रेकसाठी आणि ५ वॉटची टेलसाठी. तळाला शिशाचे दोन ठिपके, आणि पितळी टोपीच्या बाजूच्या दोन पिनांपैकी एक वर, एक खाली. पी२१डब्ल्यू हा त्याचा जुळा दिसणारा भाऊ: तार एक, तळाला ठिपका एक, दोन्ही पिना एकाच उंचीवर. टोपीची जाडी दोघांची सारखीच, १५ मिलिमीटर. त्यामुळे चुकीचा बल्ब जोर लावून होल्डरमध्ये अर्धवट अडकतो, आणि मधला मोठा ठिपका होल्डरच्या तळाच्या दोन्ही पत्त्यांना (करंट देणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना) एकदम टेकतो. म्हणजे टेलची लाईन आणि ब्रेकची लाईन त्या ठिपक्यातूनच जोडली गेली. ब्रेकचा करंट टेलच्या वायरमधून मागे जातो आणि त्या वायरवर जे जे आहे ते सगळं पेटतं.

फ्यूज का उडाला नाही? कारण हा खरा शॉर्ट नव्हेच, नुसता वाढीव भार आहे. तीन ब्रेक लाईटचे साधारण ६० वॉट, पार्किंग, टेल आणि नंबर प्लेटचे मिळून ३० च्या आसपास. ९० वॉट म्हणजे साडेसात अँपिअर, १० अँपिअरचा फ्यूज ते निमूट सोसतो. तरी असंच चालवू नका. मागच्याला तुम्ही ब्रेक कधी मारला ते कळणारच नाही, आणि गाडीत क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) असेल तर ब्रेक दाबलेलाच आहे असं समजून तो लागणार नाही.

अर्थ गेलाय की लाईनी जुळल्यात हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतं. लाईनी जुळल्या असतील तर नको ते दिवे पूर्ण तेजाने लागतात. अर्थ गेला असेल तर मंद लागतात किंवा लुकलुकतात. तुमचे पूर्ण तेजाने लागतायत असं वाचून वाटतंय.

बदलताना: चावी बंद, लाईट बंद, बल्ब पाच-दहा मिनिटं गार होऊ द्या. डिकीतलं बाजूचं अस्तर सरकवलं की बहुतेक हॅचबॅकमध्ये ८ किंवा १० च्या पान्याचे दोन नट दिसतात. नट काढण्याआधी खालच्या पोकळीत फडकं कोंबा, नाहीतर नट बॉडीच्या पोटात गेलाच म्हणून समजा. लाईटची बाहेरची बाजू प्लॅस्टिकच्या गोल खुंट्यांवर दाबून बसवलेली असते, म्हणून ती सरळ मागे ओढायची. कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर खुंटी तुटते आणि रंगही जातो. होल्डर डावीकडे साधारण पाव फेरा फिरवला की सुटतो. बल्ब आत दाबून डावीकडे फिरवायचा. काचेच्याच बुडाचा, म्हणजे डब्ल्यू२१/५डब्ल्यू जातीचा बल्ब असेल तर फिरवू नका, सरळ ओढा.

योग्य बल्ब दोन बोटांनी बसतो. पिना आणि खाचांची उंची जुळवा. जुळत नसेल तर अर्धा फेरा फिरवून बघा, दाबू नका. उलटा कोंबला तर त्या एकाच बाजूला टेल भगभगीत आणि ब्रेक मिणमिणता होतो.

रात्रपाळी

काढला. टोपीवर पी२१डब्ल्यू लिहिलंय, ठिपका एकच. पी२१/५डब्ल्यू बसवला, अलगद बसला, वरचा सगळा प्रकार थांबला. एक शिल्लक आहे: टेल चालू असताना डावा इंडिकेटर दिला की डावा टेल लाईट त्याच तालावर मंद होतो. उजवीकडे असं होत नाही.

पानापक्कड

आता हा मात्र अर्थ. डाव्या लाईटमधले सगळे बल्ब एकाच काळ्या किंवा तपकिरी वायरने बॉडीला जातात. त्या वाटेत गंज असेल तर इंडिकेटरचे २१ वॉट त्यातून जाऊ लागताच अर्थची पट्टीच शून्यावरून वर उचलली जाते आणि टेलच्या वाट्याला कमी व्होल्ट येतात.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, तिथपर्यंत वायर पुरत नसेल तर बॉडीच्या उघड्या, स्वच्छ पत्र्याला. लाल टोक होल्डरच्या अर्थ पट्टीला. टेल, ब्रेक आणि इंडिकेटर तिन्ही चालू ठेवूनच मोजायचं. लाईट बंद ठेवून मोजलं तर करंटच नसतो, आकडा शून्य येतो आणि अर्थ उत्तम आहे असा गैरसमज होतो. यात भलेभले फसतात. ब्रेक दाबायला माणूस नसेल तर पॅडल आणि सीट यांच्यामध्ये काठी अडकवा.

०.१ व्होल्टच्या आसपास आलं तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आलं तर लाल टोक पुढे पुढे नेत जा: होल्डरची पट्टी, मग कप्लरची (वायरी जोडणाऱ्या प्लगची) पिन, मग वायरचं कडं, मग तो बोल्ट ज्या पत्र्यावर आवळलाय तो पत्रा. आकडा जिथे एकदम खाली येतो, दोष त्या टप्प्यात. खात्री करायची तर दीड चौरस मिलिमीटरची वायर अर्थ पट्टीपासून स्वच्छ पत्र्याला टेकवून धरा. लुकलुक थांबली तर प्रश्न मिटला.

दोष बहुतेक दोनच जागी सापडतो. एक, बॉडीवरचा बोल्ट: सोडवा, कड्याखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासा, आवळा, वरून ग्रीस. दुसरी जागा होल्डर, आणि हिरवा गंज तुम्हाला तिथेच दिसलाय. ४०० नंबरचा पॉलिश पेपर काडीला गुंडाळून आतून घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, तळाच्या पत्त्या दबल्या असतील तर बारीक स्क्रू ड्रायव्हरने किंचित वर उचला. हे करताना लाईट बंद हवेत, नाहीतर पत्ती बॉडीला टेकली की फ्यूज उडतो. नंतर बल्बच्या टोपीला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात. हे ग्रीस वीज वाहून नेत नाही, फक्त पाणी अडवतं. स्पर्शाच्या जागेवरून ते दाबाने बाजूला सरकतं, म्हणून थोडंच पुरतं.

होल्डरचं प्लॅस्टिक वितळलं असेल, तपकिरी झालं असेल तर घासत बसू नका, होल्डरच बदला. २१ वॉटची तार तापल्यावर सुमारे ७ ओहमची असते. गंजाचा एकच ओहम मध्ये आला तरी करंट दीड अँपिअरवर उतरतो, उजेड जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो आणि गंजाच्या त्या ठिपक्यात सव्वादोन वॉटची उष्णता साठते. तेवढ्यावर प्लॅस्टिक हळूहळू मऊ होतं, पत्ती ढिली पडते, रोध आणखी वाढतो.

बल्बची काच टोपीतून सुटून टोपी आतच राहिली तर हातमोजे घाला, टोपीची कड लांब चोचीच्या पक्कडीने आतून धरा, गंज सोडवणाऱ्या तेलाचा थेंब सोडून पाव तासाने फिरवा. बटाटा खुपसायचा तो प्रसिद्ध उपाय टाळा, त्याचं पाणी होल्डरमध्येच राहतं.

काजळी

एलईडीचं कुणी बोललं नाही म्हणून.

बल्बचा मूळ लाईट असा घडवलेला असतो की एका ठरावीक जागी असलेली तार चहूकडे उजेड फेकते. एलईडी पट्टी तशी उजेड देत नाही, म्हणून समोरून झगझगीत आणि तिरकं पाहिलं तर फिका असा प्रकार होतो. अनेक देशांत असा बदल नियमातही बसत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे टेल आणि ब्रेक यांतला फरक. मूळ बल्बमध्ये तो ५ आणि २१ वॉटचा आहे, स्वस्त एलईडीत तो इतका थोडा असतो की ब्रेक मारल्याचं मागच्याला पटकन उमगत नाही. लाल भिंगामागे पांढरा एलईडी लावला तर गुलाबीसर दिसतो. लावायचाच असेल तर लाल.

इंडिकेटरला लावला तर रिले (इंडिकेटर लुकलुकवणारा स्विच) भराभर टिकटिकतो, कारण भार कमी झाला की त्याला बल्ब उडाल्यासारखं वाटतं. त्यावर उपाय म्हणून ६ ओहमचा रेझिस्टर जोडतात. इंडिकेटर पेटलेला असताना तो रेझिस्टर सुमारे ३० वॉट उष्णता टाकतो, तेव्हा ५० वॉटचा घ्या आणि पत्र्यावर बसवा, वायरिंगच्या जुडग्याला किंवा प्लॅस्टिकला बांधू नका.

पण मुळात तुमचा बल्ब का उडाला ते त्याच्या काचेवरून वाचा. जुना टाकला नसेल तर उजेडात धरा. आतून काळपट, आरशासारखा लेप असेल तर आयुष्य संपून गेला, तक्रार नाही. पांढरट, दुधाळ असेल तर काचेला चीर जाऊन हवा आत शिरली, बहुधा पाणी उडून. काच स्वच्छ आणि तार मध्येच तुटलेली असेल तर धक्के: होल्डर ढिला आहे का बघा, डिकीचं झाकण जोरात आपटत असेल तेही एक कारण. एकाच जागचा बल्ब पुन्हा पुन्हा जात असेल तर तिथलीच काहीतरी भानगड. सगळीकडचे जात असतील तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्ट मोजा. १३.८ ते १४.५ ठीक, १५ च्या घरात गेलं तर दोष अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरचा. व्होल्टेज नुसतं ५ टक्के वाढलं की तारेचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

रात्रपाळी

जुना बल्ब आतून दुधाळ आहे! आणि लाईटच्या तळाशी पाण्याचे ओघळ.

पानापक्कड

मग एलईडी टाकून ते पाणी थांबणार नाही. बॉडी आणि लाईटमधली फोमची पट्टी दाबून चपटी झाली असेल, ती नवी चिकटवा. होल्डरभोवतीची रबरी रिंग जागेवर आहे का पाहा. लाईटच्या खालच्या बाजूला पाणी आणि वाफ जायला बारीक भोक असतं, त्यातली माती सुईने काढा. सिलिकॉन फासून ते भोक बुजवलं तर आत वाफ कोंडते. बसवण्याआधी आतला ओलावा सुकवा, कप्लर जोडून टेल, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स चारही तपासा, मगच नट लावा. नट हाताने टेकेपर्यंत, मग पान्याने पाव फेरा. जास्त आवळला तर लाईटच्या प्लॅस्टिकमधला बोल्टच उपटून फिरायला लागतो, आणि अख्खा लाईट बदलावा लागतो.