स्पेक्ट्रम की कमोडोर ६४: पेटीवरची किंमत आणि घरात आल्यावरची किंमत

रबरीबटण
दुसऱ्या धाग्यावर एका महाशयांनी पिंक टाकली आहे: "स्पेक्ट्रम म्हणजे ज्यांना कमोडोर ६४ परवडला नाही त्यांचं समाधान." तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं म्हणून वेगळा धागा.

दोन्ही ऐंशीच्या दशकातले घरगुती संगणक: स्पेक्ट्रम ब्रिटनच्या सिंक्लेअरचा, ६४ अमेरिकेच्या कमोडोरचा. आधी आकडे. एप्रिल १९८२ मध्ये स्पेक्ट्रम आला तेव्हा १६के (म्हणजे १६ किलोबाइट मेमरीचा) १२५ पौंडांना, ४८के १७५ पौंडांना. कमोडोर ६४ त्याच वर्षी अमेरिकेत आला तो ५९५ डॉलरला. बरं, त्या ५९५ मध्ये पेटीत काय? कीबोर्डात कोंबलेला संगणक. प्रोग्रॅम साठवायचा तर कमोडोरचाच डेटासेट, म्हणजे त्यांचा खास टेपरेकॉर्डर, घ्या. फ्लॉपी हवी तर १५४१ ड्राइव्ह, जिच्यात स्वतःचा प्रोसेसर असल्याने आणखी एक संगणकच विकत घेतल्यासारखं. स्पेक्ट्रमला घरातला कुठलाही साधा टेपरेकॉर्डर चालायचा. दोन वायरी खोचल्या, काम झालं.

आणि बेसिक, म्हणजे संगणकात आधीच असलेली प्रोग्रॅम लिहायची भाषा! आमच्याकडे वर्तुळाला सर्कल, रेघेला ड्रॉ, आवाजाला बीप. तुमच्याकडे पडद्याच्या कडेचा रंग बदलायलासुद्धा पोक ५३२८०, म्हणजे मेमरीतल्या त्या क्रमांकावर थेट आकडा टाकायचा. एवढे पैसे मोजून माणसाने पाढे पाठ करायचे?

मेमरीचं तर विचारूच नका. नाव ६४, बेसिकला मोकळे बाइट ३८,९११. माझ्या ४८केवर ४१ हजारांच्या वर. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

सिडभक्त
ती पिंक माझीच होती, आणि अजून तिथेच उभा आहे.

५९५ किती दिवस टिकले ते लिहायचं सोयीस्कर विसरलात. १९८३ मध्ये तोच ६४ दोनशे डॉलरच्या आसपास मिळत होता. चिप बनवणारी एमओएस टेक्नॉलॉजी कमोडोरने १९७६ मध्येच घेतली होती, त्यामुळे भाव पाडूनही ते तगले. त्या मारामारीत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ऑक्टोबर १९८३ मध्ये घरगुती संगणकांचा धंदाच गुंडाळला. रच्याकने (जाता जाता), जुना कुठलाही संगणक आणून द्या आणि ६४ वर शंभर डॉलर सूट घ्या अशी योजना होती. लोक पन्नासेक डॉलरचा टायमेक्स सिंक्लेअर (सिंक्लेअरचाच अमेरिकेत विकलेला स्वस्त संगणक) घ्यायचे आणि तो परत करून सूट पदरात पाडायचे. सिंक्लेअरचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

ते ३८,९११ फक्त बेसिकपुरते. मशीन कोडमधून, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, रॉम (बेसिक जिच्यात कोरलंय ती कायमची मेमरी) बाजूला सारली की खालची रॅम तुमचीच. हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आणि बीप? ६४ च्या सिड या आवाजाच्या चिपमध्ये तीन स्वतंत्र स्वर आणि वर फिल्टर. तुमचा बीप म्हणजे मुठीत सापडलेला डास. रंगांबद्दल तर दयाच येते. पिवळा माणूस निळ्या भिंतीपुढून गेला की भिंतच पिवळी!

रबरीबटण
आठ बाय आठच्या चौकोनात दोनच रंग, हे मान्य. पण रेघ तरी सुबक यायची, २५६ बाय १९२. तुमचे ते बहुरंगी चित्र म्हणजे आडवे १६० ठिपके, विटा रचल्यासारखे.

सिडभक्त
विटा का असेनात, घर तर दिसायचं. आणि जॉयस्टिकचं काय? ६४ ला दोन खाचा तयार. स्पेक्ट्रमला इंटरफेस वेगळा विकत घ्यायचा. तो धरलात का हिशोबात?

मॉडेलबी
दोन्ही पक्षांचं मनोरंजक चाललंय. उगाच आठवण करून देतो, की एकॉर्न कंपनीच्या बीबीसी मायक्रो या तिसऱ्या संगणकाच्या बेसिकमध्ये नावं दिलेल्या प्रोसिजर होत्या आणि असेंब्लर (मशीन कोड लिहायचं साधन) आतच होता. पुढे १९८५ मध्ये पहिली एआरएम चिप तपासली तीही बीबीसी मायक्रोला जोडून. खिशातल्या फोनवर भांडताय ना, तो तिचाच वंशज.

रबरीबटण
आणि किंमत? ३३५ पौंड सांगून लगेच ३९९ केली, तेही लिहा की.

मॉडेलबी
चांगल्या वस्तूला पैसे पडतात.

निवांत
शांत व्हा मंडळी. १९८४ च्या नाताळच्या सुमारास केंब्रिजच्या एका पबात सर क्लाइव्ह सिंक्लेअरनी एकॉर्नच्या क्रिस करीला गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने बडवलं होतं, तेही एका जाहिरातीवरून. तुम्ही अजून त्या पायरीला आलेला नाहीत.

खरखर
अवांतर: "कुठलाही साधा टेपरेकॉर्डर चालायचा" हे वाक्य वाचून माझं डोकं फिरलं. रबरीबटण, तुम्ही स्वतः स्पेक्ट्रम वापरलाय की नुसते फोटो पाहिलेत?

मामाने त्याचा जुना ४८के मला दिला. सोबत कुणाकडून तरी उतरवून घेतलेल्या डझनभर कॅसेटी. आमच्या टेपरेकॉर्डरवर एकही लोड होईना. पाच मिनिटं ती किंचाळी ऐकायची, कडेला पट्टे नाचताना बघायचे आणि शेवटी 'आर टेप लोडिंग एरर'. आवाज कमी करून पाहिला, वाढवून पाहिला. महिनाभराने कळलं की ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याच्या आणि आमच्या हेडचा कोन जुळत नाही. मग हेडशेजारचा स्क्रू फिरवला. गेम लोड झाला! आणि बाबांच्या सगळ्या गाण्यांच्या कॅसेटी पिठाच्या डब्यातून गायल्यासारख्या वाजू लागल्या. पुढचे पंधरा दिवस स्क्रू डावीकडे, स्क्रू उजवीकडे.

चुंबकफीत
अगदी अगदी. आमच्याकडे दर कॅसेटला वेगळा कोन. मी झाकणाला भोकच पाडलं होतं, स्क्रू ड्रायव्हर कायमचा आत.

सिडभक्त
म्हणूनच डेटासेट. हसत होतात ना?

चुंबकफीत
डेटासेटचं कौतुक नको. कमोडोरच्या मूळ पद्धतीत सगळा डेटा टेपवर दोनदा लिहिला जायचा. चुका कळायच्या हे खरं, पण तोवर जेवण होऊन ताट घासून व्हायचं. टर्बो लोडर (टेप भराभर वाचणारे प्रोग्रॅम) आले म्हणून वाचलात.

सिडभक्त
ताट घासून का होईना, लोड व्हायचं.

खरखर
हे मात्र खरं आहे. लिहिताना हात थरथरतोय.

रबरीबटण
मी स्पेक्ट्रम चार वर्षं वापरला आहे, खरखर. फोटो तुम्ही पाहा. माझ्या भरलेल्या कॅसेटी माझ्याच टेपरेकॉर्डरवर चालायच्या, म्हणून कोनाचा प्रश्न आला नाही. दुसऱ्याच्या कॅसेटींचं मी बोललोच नव्हतो.

खरखर
म्हणजे गेम विकत घ्यायचात? बरे श्रीमंत होतात. मग ६४ च का नाही घेतलात?

रबरीबटण
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

रबरीबटण
ठीक. जॉयस्टिकचा इंटरफेस हिशोबात धरला नव्हता. लिहून ठेवा, एकदाच मान्य करतोय. तरी ५९५ होत नाहीत.

सिडभक्त
२००.

रबरीबटण
१९८३ च घेताय तर त्या वर्षी ४८के १३० पौंडांवर उतरला होता, तेही घ्या.

निवांत
तुमचं चालू द्या. खरखर, माळ्यावरचा डेक काढलाय. हेडजवळ दोन स्क्रू आहेत, कुठला फिरवायचा?

खरखर
खाली स्प्रिंग असलेला. दुसऱ्याला हात लावू नका.

निवांत
लावला.