प्रतिसाद: नडगी वाढवल्यावर टाच टेकत नाही

वर विचारलंय की बाहेरच्या फ्रेमने (हाड कापून, त्यात पिना घालून पायाबाहेर बसवलेली चौकट) नडगी ४ सेंमी वाढली, पण टाच टेकत नाही, व्यायाम वाढवावा का? वाढवावाच, पण आधी वेग बघा. हाड साधारण रोज १ मिमी वाढवतात, म्हणजे फ्रेमचा स्क्रू दिवसातून चारदा, पाव-पाव मिमीने फिरवायचा; हेच फेरे. पोटरीचा स्नायू त्या वेगाने लांबत नाही, म्हणून पाऊल खाली ओढलं जातं. पाऊल काटकोनापर्यंत वर येत नसेल तर सर्जनला लगेच सांगा. ते बहुधा फेरे कमी करतात किंवा थांबवतात. मनाने कमी करू नका, फार हळू गेलं तर कापलेलं हाड पुरेसं वाढायच्या आधीच जुळून बसतं.

ताण देताना पावलाला पट्टा लावून ३० सेकंद धरा, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून. दोन्ही हवेत, कारण पोटरीत दोन वेगळे स्नायू आहेत आणि वाकवलेल्या गुडघ्यात वरचा सैल पडतो. रात्री पाऊल काटकोनात धरणारा स्प्लिंट लावा. झोपेत सगळी कमाई जाते, आणि लोक नेमका हाच कंटाळा करतात.

पायाचा अंगठा वर उचलता येईना किंवा पावलाच्या वरच्या भागाला बधिरपणा आला, तर नस ताणली जातेय. त्याच दिवशी फोन करा. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा धाप लागली, तर थेट इमर्जन्सीत.

सिगारेट पूर्ण बंद. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, नवं हाड धरायला उशीर होऊ शकतो. फ्रेम काढायचा निर्णय एक्स-रेवर होतो, समोरून आणि बाजूने घेतलेल्या फोटोंत नव्या हाडाच्या चारपैकी किमान तीन कडा भरलेल्या दिसल्या की.