राजकन्या पुण्याची, राक्षस आमच्याकडचा

तापीकाठ:
'किशोर फँटसीतली नायिका म्हणजे तलवार घेतलेला रागीट मुलगाच, आणि विविधता म्हणजे नुसती हजेरी.' काल इथंच कुणीतरी हे लिहिलं. दोन ओळींत उत्तर देणार होते, जमलं नाही.

'हंगर गेम्स' या इंग्रजी कादंबरीतली नायिका कॅटनिस धनुष्य चालवते म्हणून भारी नाही. बाप गेल्यावर आई खचून बसली, ते ती विसरू शकत नाही. जीव वाचवायला प्रेमाचं नाटक करते आणि त्यात स्वतःच गोंधळते. हजेरीचं म्हणाल, तर त्यातली रू सावळी आहे हे २००८च्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. तरी २०१२ला सिनेमा आल्यावर काही वाचक चिडले, ही काळी कशी म्हणून. वाचूनही दिसली नव्हती!

मला अशी पोरगी घरातच माहीत आहे. आमच्याकडं खान्देशात कानबाई देवीच्या रोटांना, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांना, आजोबा गहू मोजायचे, घरातल्या दर पुरुषामागं सव्वा मूठ. मी सात वर्षांची. विचारलं, माझी मूठ? आजीनं डोळे वटारले. कुणाचं लक्ष नसताना मी दुरडीत मूठभर गहू टाकले. पुढच्या उन्हाळ्यात वादळानं केळी आडवी झाली, तेव्हा खात्रीच होती की देवी माझ्यामुळं कोपली. कुणाला सांगितलं नाही. लिहा की हिच्यावर फँटसी!

रिटायर मास्तर:
ती पोस्ट माझीच. तुमची आठवण छान, पण माझा मुद्दा साच्याचा होता. सतरा वर्षांची पोर, तीच 'निवडलेली', मागं दोन पोरं, तिसऱ्या भागात राज्य उलथणार. कातडीचा रंग बदलला तरी साचा तोच. नातीसाठी असली तीन पुस्तकं आणली, तिन्ही अर्धी पडून आहेत. त्यापेक्षा बहिणाबाईंनी अहिराणीत लिहिलंय ते द्या पोरींना.

यावलकर:
थांबा. अहिराणी?? लेवा गणबोली, मास्तर, आमची लेवा पाटलांची बोली! आमच्या घरात 'आहे'ला कुणी अहिराणीसारखं 'शे' म्हणत नाही. आणि 'लिहिलंय' कुठलं? अक्षरओळख नव्हती माउलीला. ती गायची, तिच्या मुलानं, सोपानदेवांनी ते जपलं. पुस्तक आलं १९५२ला, ती गेल्यावर. २०१८ला जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव दिलं, तरी तुमचं हेच चालू!

धुळ्याचा भो:
म्हणजे अहिराणी म्हटलं तर अपमान झाला का तुमचा? आमनी बोली कमी शे का? खान्देश म्हटलं की सगळं जळगावचं, धुळं-नंदुरबार फक्त नकाशात.

यावलकर:
कमी कोण म्हणालं? वेगळी आहे म्हटलं. तुम्हाला दुसऱ्याची माय आपली म्हणून सांगायची हौस, त्याला मी काय करू?

धुळ्याचा भो:
माय काढू नका. कॉलेजात वर्गात पहिल्यांदा तोंड उघडलं तर 'गावठी' म्हणून अख्खा बाक हसला होता. ते हसताना लेवा की अहिराणी विचारत नव्हते.

तापीकाठ:
तेच म्हणते मी! भाचीला मराठीतली एक परीकथा वाचून दाखवत होते. राजकन्या पुणेरी बोलते. राक्षस, म्हातारी चेटकीण आणि दारावरचा पहारेकरी मात्र आपल्यासारखे. भाचीनं विचारलं, "आत्या, राक्षस जामनेरचा आहे का?" विविधता नकोशी वाटते ना? घ्या, राक्षसापुरती आहेच.

रिटायर मास्तर:
बरं, बोलीची चूक कबूल. तीस वर्षं वर्गात तसंच सांगत आलो, आता त्या सगळ्या पोरांना पत्रं पाठवतो! राक्षसाचा मुद्दाही मान्य. साच्याचं मात्र एकानंही उत्तर दिलेलं नाही.

यावलकर:
साचा तर गुलबकावलीपासून आहे, मास्तर. तेव्हा राजपुत्र होता म्हणून खुपला नाही.

रिटायर मास्तर:
खुपायचा. विचारलं कुणी?

धुळ्याचा भो:
ताई, एक राहिलं. तुमच्याकडं मुलींची मूठ धरतात का आता?

तापीकाठ:
भाऊ धरतो, त्याच्या लेकीच्या नावानं. तिनं भांडून घेतली. वहिनीची अजून नाही. माझी तर सासरची म्हणून विषयच संपला.