अनुभव धागा : काम तेच, पण ते धड कसं झालं?

निळी छत्री
मी पगारपत्रकं बनवण्याचं काम करते. दिवसभर समोर हजेरीपट. त्यामुळे 'रोजगार वाढला' अशी बातमी वाचली की माझा पहिला प्रश्न असतो : कुठल्या मस्टरवर? काम मिळणं निराळं, आणि ते उद्याही असेल, आजारी पडलं तरी घर चालेल, म्हातारपणी हाताशी काही उरेल हे निराळं. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोपं जाईल. रोजामागे शंभर रुपये वाढण्यापेक्षा आपलं नाव कुणाच्या तरी दप्तरी लागणं जास्त मोलाचं असतं.

तुमच्या घरात किंवा ओळखीत कष्टाचं काम करणाऱ्यांची परिस्थिती सुधारली असेल तर ती कशानं? कायद्यानं, संघटनेनं, मालकाच्या भल्या बुद्धीनं की निव्वळ नशिबानं? सुधारली नसेल तर घोडं कुठे अडलं तेही लिहा. कंपन्या-कंत्राटदारांची नावं नकोत.

बालाघाटचा
आमचं गाव धारूर तालुक्यात. दसरा झाला की निम्मं गाव कारखान्यांवर. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल वडिलांच्या नावावर, हिशेब वडिलांच्या नावावर, आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढायची ती आई.

उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्याकडून, घेतलेली आगाऊ रक्कम. हल्ली जोडीला लाखाच्या आसपास, कधी वरही जाते. ती टनावर फेडायची. एक दिवस अंगात ताप भरला की खाडा. त्या दिवसाची मजुरी तर गेलीच, वर मुकादमाच्या वहीत दंड चढायचा. आई पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलायची ती या खाड्यापायी. बीडमधल्या तोडणीवाल्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ साली आल्या तेव्हा पेपर वाचणारे हादरले. आमच्या वस्तीवर कुणाला त्यात नवीन काही वाटलं नाही.

कारखान्याच्या लेखी आम्ही त्याचे कामगार नव्हतोच. त्याचा करार तोडणी-वाहतूकवाल्याशी, त्याचा व्यवहार मुकादमाशी, आणि आमचा मुकादमाच्या वहीशी. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, हिशेब व्हायचा, त्यात काहीतरी बाकी अंगावर निघायचीच, आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा त्याच मुकादमाच्या दारात.

यातून सुटलो ते मजुरीचा दर वाढून नाही. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली, ते बरंच झालं, पण तोवर आमच्या घरचे बाहेर पडले होते. आईच्या बचत गटाला बँकेचं कर्ज मिळालं, त्यातल्या तिच्या वाट्यातून तिनं मुकादमाची बाकी एकदाची मिटवली. वडील बिथरले होते. बँकेचं कर्ज म्हणजे जप्ती, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग शेळ्या घेतल्या. रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून माळावर सीताफळ लावलं. त्याचे पैसे तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं, तेही झाडं जगली तर. पहिल्या उन्हाळ्यात आई घागरीनं पाणी घालायची आणि शेजारीपाजारी हसायचे.

धाकटी बहीण हंगामी वसतिगृहामुळे शिकली. नाव वसतिगृह, पण पोरं गावातच आजी-आजोबांकडे राहायची आणि जेवणाची सोय शाळेकडून व्हायची. माझ्या वेळी आईबाप मला फडावर घेऊन गेले होते, ती वर्षं बुडाली ती बुडालीच.

निळी छत्री ताई, दप्तराचं म्हणाल तर मुकादमाच्या वहीत आमचं नाव पहिल्या दिवसापासून होतं. नाव कुणाच्या दप्तरी लागतंय ते आधी बघा.

निळी छत्री
हे बिनतोड आहे. माझं वाक्य अर्धं मागे घेते. पण अर्धंच.

दुसरी पाळी
चाकणला असतो, आयटीआय फिटर. ताईंच्या उरलेल्या अर्ध्या वाक्याच्या बाजूनं लिहितो.

एकाच लाइनवर बरीच वर्षं काढली. मशीन तेच, सुपरवायझर तोच, गेटपासवरचा कंत्राटदार मात्र वर्ष-दीड वर्षानं बदलायचा. प्रत्येक नव्यानं नवा पीएफ नंबर काढला आणि जुन्यानं नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नाही. पैसे वेगवेगळ्या खात्यांत अडकून पडले. पीएफच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, हे तुकडे जोडले नाहीत तर दहा भरतच नाहीत. त्यात आधारवर वडिलांचं नाव ज्ञानेश्वर आणि पीएफला ज्ञानोबा. माऊली एकच, पण ते कॉम्प्युटरला कोण सांगणार?

आमच्यातलाच एक पोरगा रविवारी खोलीवर लॅपटॉप घेऊन बसायला लागला. उमंग ॲप, आधार जोडणी, जुनी खाती एका यूएएनखाली, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबराखाली, आणणं, सगळं तोच करतो. बदल्यात चहा आणि मिसळ. नोकरी सोडून दोन महिने झाले की सोडल्याची तारीख कामगाराला स्वतःला भरता येते, हे त्याच्यामुळे कळलं.

पासबुकात महिन्यामहिन्याचा भरणा दिसतो. मध्यंतरी एका कंत्राटदारानं पगारातून कापले पण भरलेच नाहीत. प्रिंट काढल्या आणि सगळे मिळून थेट कंपनीच्या एचआरकडे गेलो, कंत्राटदाराकडे गेलोच नाही. कंत्राटदारानं बुडवलं तर अखेरची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे आम्हाला माहीत आहे एवढं त्यांना समजलं तरी पुरतं. थोड्याच दिवसांत भरणा झाला.

ईएसआयला, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याला, नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, मीही ठेवतो. रांगेत अख्खी पाळी जाते. पण वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं ते त्याच कार्डावर, गावचं रान न विकता. पगार २१,००० च्या वर गेला की हे कार्ड जातं. म्हणून आमच्याकडे पगारवाढीचं पत्र भीत भीत उघडणारे लोक आहेत.

कोयनाकाठ
आजोबा पाटण तालुक्यातून मुंबईला आले आणि मशीद बंदरला पाठीवर गोणी घ्यायला लागले. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांचा, कायदा झाला. त्यातली खुबी अशी की मालक मजुरी हमालाच्या हातावर टेकवत नाही, माथाडी बोर्डात भरतो, आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरावीक जादा रक्कम, भरतो. लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. एका टोळीनं दिवसात चार व्यापाऱ्यांचा माल उतरवला तरी हिशेब एकाच ठिकाणी. बाजार वाशीला गेला तसे वडीलही टोळीबरोबर गेले. आता घणसोलीत घर आहे.

मोबाइलवर ऑर्डर घेऊन पळणारी पोरं दिवसात दहा जणांचं काम करतात आणि मालक एकही नाही. त्यांच्यासाठी नवीन काही शोधण्याआधी हा जुना कायदा बघावा, असं माझं ठाम मत आहे.

ओतकाम
कोयनाकाठ, कायदा चांगला, पण त्याच्या नावावर गेटवर येऊन 'वाराई (माल उतरवायचे पैसे) द्या, नाहीतर गाडी खाली होणार नाही' म्हणणारे बोगस माथाडीही आम्ही बघितलेत.

आता माझा अनुभव. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझी छोटी फाउंड्री आहे, धातू ओतून भाग बनवायची. वीस माणसं झाली की पीएफ लावावाच लागतो. तो लावायची वेळ आली तेव्हा सर्वांत मोठा विरोध कामगारांचा होता. 'मालक, ते कापाकापीचं नको, हातात द्या.' पीएफचा पगार १५,००० धरला तर कामगाराचे १,८०० कापले जातात. ज्याला दर महिन्याला गावी पैसे धाडायचेत त्याला हे कसं पटवायचं? मी माझ्या बाजूनं तेवढेच १,८०० भरतो, त्यातले १,२५० पेन्शनला जातात, हे फळ्यावर लिहून दाखवलं. कुणी वर बघितलं नाही.

शेवटी पगारच दोन टप्प्यांत असा वाढवला की कापून हातात पहिल्याइतके पडावेत. कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागांचा, दर वाढवून घ्यायला गिऱ्हाइकांशी भांडलो, त्यात एक गिऱ्हाईक गेलं.

मग आमचा एक फेटलिंगवाला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणारा, सुट्टीवर असताना गावाकडे रस्त्यावर अपघातात गेला. कामावर नसल्यामुळे कारखान्याकडून भरपाईचा प्रश्न नव्हता. पण पीएफला जोडलेला विमा असतो, त्याचे पैसे त्याच्या बायकोला मिळाले. तिला आणि मुलांना पेन्शन सुरू झाली. नामनिर्देशन आधीच भरलेलं होतं म्हणून फार हेलपाटे पडले नाहीत. त्यानंतर एकेक जण केबिनमध्ये येऊन विचारायला लागला, 'माझं नॉमिनेशन झालंय नव्हं?' फळा जे करू शकला नाही ते असं झालं.

मोल्डिंगची, म्हणजे वाळूचे साचे बनवणारी, माणसं टिकायला लागली तसं रिजेक्शन कमी झालं. नवा माणूस वाळू नीट ठोकत नाही, कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे आत हवेची पोकळी, येतो, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा. तरी सगळं गोड आहे असं नाही. लोडिंगला आणि झाडलोटीला माझ्याकडे अजून कंत्राटीच माणसं आहेत, आणि त्यांच्या हजेरीपटात मी फार डोकावत नाही, हेही खरं.

कोयनाकाठ
बोगसांचा त्रास आम्हालाच जास्त होतो. आमचं नाव खराब होतं. बाकी, शेवटची ओळ लिहिलीत ते बरं केलंत. आता डोकावा.

लाल ठिपका
आई पुण्यात कचरा वेचायची. बाबा आढावांच्या पुढाकारानं १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, तिचं ओळखपत्र आईला मिळालं. त्याआधी कुंडीपाशी दिसली की पोलीस चोर म्हणून हटकायचे. कार्ड पुढे केलं की निदान ऐकून तरी घ्यायचे.

२००८ पासून 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार आहे. बायका दारोदार जाऊन ओला-सुका वेगळा घेतात. घरटी महिन्याचे पैसे त्यांचे, आणि पुठ्ठा-बाटल्या विकून येतात तेही त्यांचे. आई आधीही कचऱ्यात होती, आताही आहे. पण कुंडीत वाकून कुत्र्यांशी झोंबण्यात आणि दारात उभं राहून बादली घेण्यात फार अंतर आहे. पूर्वी हाताला काचा लागायच्या. आता लागतात त्या कुणीतरी ओल्यात काच टाकली म्हणून, आणि ते घर कुठलं हे तिला माहीत असतं!

सॅनिटरी पॅड वेगळं गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, अशी मोहीम निघाली होती. आईच्या एका बिल्डिंगमध्ये एक आजोबा सुनेची पुडी स्वतः गुंडाळतात, लाल पेननं ठिपका काढतात आणि 'मावशी, ही बाजूला' म्हणून हातात देतात. बाकीचे मजले अजून सगळं एका काळ्या पिशवीत.

अडतं कुठे? घरटी पैसे हाच तिचा पगार, आणि तो मागायला गेलं की 'आम्ही टॅक्स भरतो की'. पगारी रजा नाही. आजारी पडली तर बदलीवर जाणाऱ्या बाईला त्या दिवसाचे पैसे द्यायचे. आणि करार संपत आला की पुढे काय, ही टांगती तलवार कायमची.

चहा बिनसाखर
आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनी एक दिवस पोळपाटावरून हात काढला आणि सांगितलं, महिन्याला चार सुट्ट्या, दिवाळीला एक पगार, आणि पाहुणे आले तर पोळ्यांचे वेगळे. सोसायटीतल्या सगळ्या कामवाल्यांनी मिळून ठरवलं होतं, त्यामुळे दुसरी कुणी स्वस्तात येणार नव्हती. आमच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा, मग सगळ्यांनी कबूल केलं. घरेलू कामगारांचं कल्याण मंडळ २००८ च्या कायद्यानं झालंय, त्याची नोंदणी ताईंकडे आहे. पण जे हातात पडलं ते एकीमुळे.

नाका वारजे
मी टाइल्सचं काम करतो. बांधकाम कामगार मंडळात नाव घालायचं तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. माझे ठेकेदार महिन्यात तीन बदलतात, सही कुणीच देत नाही. एजंट म्हणतो पैसे द्या, दाखला आणून देतो. पोरीच्या शिष्यवृत्तीसाठी पाहिजे. काय करावं?

निळी छत्री
एजंटला देऊ नका. उद्या चौकशी झाली तर खोटा दाखला तुमच्या नावावर राहील, तो नामानिराळा. दाखला महापालिकेकडूनही मिळू शकतो, गावाकडे काम केलं असेल तर ग्रामसेवकाकडून. कामाच्या ठिकाणचे फोटो, ठेकेदाराचे मेसेज, ऑनलाइन आलेले पैसे, जे असेल ते तारखेनिशी जपून ठेवा.

नाका वारजे
पैसे रोखच येतात ताई. मेसेज एकाचे आहेत, ते बघतो.

दुसरी पाळी
दादा, आमचा पोरगा फोनवरूनही फॉर्म भरून देतो. आधार, बँकेचं पासबुक, फोटो तयार ठेवा. दाखल्याचं तेवढं त्याच्या हातात नाही. ज्याचे मेसेज आहेत त्या ठेकेदाराकडे रविवारी दोघं-तिघं मिळून जा, एकटे जाऊ नका.