मदत हवी आहे: चार गावांची एक भुयारी गटार, पंपाचं बिल कोणाचं?

नमस्कार. पंचगंगाकाठच्या एका गावात मी ग्रामपंचायत सदस्य आहे. शेजारच्या चार गावांचं सांडपाणी एकाच ओढ्यातून नदीत जातं. आता चौघांनी मिळून भुयारी गटार आणि खालच्या गावात प्रक्रिया केंद्र करायचं घाटतंय. लोकवस्ती ११ हजार. माणशी ५५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं, तर रोजचं ४.८४ लाख लिटर होतं.

तीन गावांचं पाणी ढाळानं जाईल. आमचं गाव ओढ्यापलीकडे खोलगटात, त्यामुळे पंप लागणार. वरची दोन गावं म्हणतात, पंप तुमच्यासाठी, बिल तुम्हीच भरा. खालचं गाव म्हणतं, जागा आमची, वास आमचा, वर पट्टीही आम्हीच द्यायची? घोडं इथंच अडलंय.

प्रादेशिक पाणीयोजनेत आम्ही एकदा पोळलोय. दोन गावांची पट्टी थकली, वीज तुटली आणि वेळेवर भरणारेही कोरडे राहिले. पाणी बंद झालं की निदान सगळीकडे बोंब तरी होते. गटारीचा पंप थांबला तर वरच्यांना पत्ताही लागणार नाही, चेंबर तुंबणार आमच्याच दारात.

असा वाटा कुणी प्रत्यक्षात ठरवलाय का? ठरावात काय लिहून घेतलंत?

प्रतिसाद: ताई, पाणीपुरवठ्यात नोकरी केली, म्हणून सांगतो. पंपाचं बिल वेगळं काढूच नका. चारही गावांचा सगळा खर्च एकत्र करून जोडणीमागे भागा. पंप तुमचा म्हणून बिल तुमचं, तर खालच्या गावानं जागेचं भाडं का मागू नये? बैठकीत हे विचाराच. सहा महिन्यांची रक्कम संयुक्त खात्यात आगाऊ हवी.

दुसरं, घरोघरचे सेप्टिक टँक बुजवू नका. गाळ तिथंच बसला की पाइपातून नुसतं पाणी जातं. पाइप लहान चालतो, ढाळही कमी लागतो. टाक्या मात्र ठरल्या वेळी गाडीनंच उपसायच्या. संरक्षक साधनांशिवाय सफाईसाठी आत माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

आणि पन्हाळीचं पाणी गटारीत सोडायचं नाही, हे ठरावात घालाच. आपल्याकडच्या पावसात पंप बुडायला तेवढंच पुरतं.

धागाकर्ती: आभार, काका. भाड्याचा मुद्दा सुचलाच नव्हता. पण आमच्याकडे निम्म्या घरांना सेप्टिक टँकच नाहीत, थेट ओढ्यात सोडलंय. त्यांनी टाकीचा खर्च स्वतः करायचा की योजनेत धरायचा?