पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत कसा मांडावा?

रब्बी_नियोजन: गाव बेसाल्टवरचं, ५०० हेक्टर शिवार, २००० लोकवस्ती. विहिरींची पातळी मे ते ऑक्टोबर सरासरी ४ मीटर वर आली. रब्बीला किती पाणी धरायचं? खोल बोअरवाले हिशेबच मानत नाहीत, त्यांचं काय?

भूजल_नोंद: क्षेत्र × पातळीतली वाढ × विशिष्ट उत्पाद (भिजलेल्या खडकातून निथळून मिळणाऱ्या पाण्याचं प्रमाण). झिजलेल्या बेसाल्टला २ टक्के धरतात. ५० लाख चौ.मी. × ४ × ०.०२ = ४ लाख घनमीटर, म्हणजे ४०० टीसीएम (एक टीसीएम = हजार घनमीटर). माणशी रोज ५५ लिटरने ऑक्टोबर ते मे पिण्याचे सुमारे २७ टीसीएम आधी बाजूला काढा, मग गुरांचं. ओढ्याला पाझरणारं पाणीही पिकांना वाटू नका.

घोळ होतो तो मोजणीत. पंप रात्रभर बंद हवा. टेप कठड्यावरून सोडली तर कठड्याची उंची वजा करा. बोअरची पातळी या सरासरीत मिसळू नका, तो थर वेगळा असू शकतो. शिवारात डाइक (खडकात घुसलेली उभी दगडी भिंत) आडवी असेल तर दोन्ही अंगांचा हिशेब स्वतंत्र ठेवा.

गावगाडा: टीसीएमवर सभेत कुणी बोलत नाही, पिकांवर बोलतात. फळ्यावर लिहा: हरभरा हेक्टरी साधारण ३ टीसीएम, ऊस २० ते २५. सभा हरभऱ्याच्या पेरणीआधी घ्या. बियाणं घरात आलं की कुणी पीक बदलत नाही. विहीर नसलेल्यांना आणि पाणी भरणाऱ्या बायकांना आवर्जून बोलवा. हातपंप कोणत्या महिन्यात आटतो हे त्याच नेमकं सांगतात, आणि विहीरमालकांपुरत्या सभेत पिण्याचं पाणी नेहमी शेवटी येतं.

रब्बी_नियोजन: आणि बोअर?

भूजल_नोंद: महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात अधिसूचित क्षेत्रात शेती वा उद्योगासाठी ६० मीटर वा त्याहून खोल विहिरींना मनाई आहे. पण गावाने स्वतः ठरवलेलं जास्त टिकतं; हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर बंद केले ते ग्रामसभेच्या जोरावर.

वाद मिटवायला चाचणी घ्या. आजूबाजूचे सगळे पंप बंद ठेवून एकच बोअर आठ तास चालवा आणि शेजारच्या विहिरीची पातळी दर तासाला सगळ्यांसमोर मोजा. विहीर उतरली तर पाणी एकच, बोअरचा उपसा याच ४०० मधून वजा करायचा. नाही उतरली तर लगेच निष्कर्ष नको. जानेवारीत, उपसा वाढल्यावर, पुन्हा मोजा.