प्लॅटूनला ‘पलटण’ म्हणावे का? रणगाड्यांच्या डावातले चार शब्द

प्रश्न: प्रोखोरोव्हकाच्या लढाईवर (दुसरे महायुद्ध, जर्मन विरुद्ध सोव्हिएत रणगाडे, १२ जुलै १९४३) बेतलेल्या पटावरच्या डावाचे नियम मराठीत लिहायचे आहेत. पट षटकोनी घरांचा, एक घर २५० मीटरचे. प्लॅटून म्हणजे ‘पलटण’, अँटी-टँक डिच म्हणजे ‘खंदक’, हल-डाऊन म्हणजे ‘दडलेला’, ऑपॉर्च्युनिटी फायर म्हणजे ‘संधीमारा’. चालेल?

प्रतिसाद: ‘पलटण’ आधी काढा. कानाला जवळचा वाटला तरी मराठा लाइट इन्फन्ट्रीतला जवान ‘आमची पलटण’ म्हणतो तेव्हा त्याला अख्खी, शेकडो जवानांची बटालियन अभिप्रेत असते; प्लॅटून तिचा लहानसा भाग. इथे जर्मन प्लॅटून ५ रणगाड्यांची, सोव्हिएत ३ ची, म्हणून सोव्हिएत सोंगटी बहुधा १० रणगाड्यांच्या कंपनीची धरतात. सरसकट ‘तुकडी’ म्हणा आणि सोंगटीवर आकडा छापा. टायगर या जड जर्मन रणगाड्याची सोंगटी एकच पुरे: इथे लढलेल्या जर्मन एसएसच्या लाइबश्टांडार्ट डिव्हिजनकडे त्या दिवशी चालू स्थितीत जेमतेम चार टायगर होते. पँथर हे जर्मन रणगाडे तर या भागात नव्हतेच, तरी हौसेने मांडले जातात.

प्रतिसाद: ‘खंदक’ने नियमच उलटा होईल. खंदकात शिपाई बसतो, म्हणजे वाचणारा आत शिरलेल्या सोंगटीला संरक्षण देणार. इथला चर सोव्हिएत सैन्यानेच आधी खणलेला, आणि वेगात आलेले त्यांचेच टी-३४ रणगाडे त्यात कोसळले. ‘रणगाडारोधक चर’ लिहा आणि तो घरात नव्हे, घराच्या कडेवर आखा.

प्रतिसाद: हल-डाऊनला ‘धड आड’. ‘दडलेला’ म्हटले की रणगाडा दिसतच नाही असे वाटते; इथे बुरूज (तोफ असलेला वरचा फिरता भाग) उघडा असतो, नुसते धड उंचवट्यामागे असते. दोन्ही बाजूंना सारखा फायदा मात्र देऊ नका. टी-३४ चा बुरूज बसका, तोफ खाली फारशी झुकत नाही. नेम धरायला त्याला उंचवट्यावर जास्त चढावे लागते.

प्रतिसाद: ‘संधीमारा’ वाचून कोणाला काय कळणार? ‘वाटेत टिपणे’ म्हणा. मराठीत पक्षी टिपतात, धावता माणूस टिपतात. अर्थ लगेच पोचतो. नियम असा लिहिता येईल:

‘चाल करणाऱ्याने सोंगटी एकेक घर सरकवावी. शत्रूच्या टप्प्यात, उघड्यावर आली की समोरच्याने “थांब” म्हणावे व फासा टाकावा. टिपणारी सोंगटी उलटी ठेवावी. तिला पुढच्या आपल्या पाळीत मारा नाही.’

हा नियम गाळला तर टी-३४ एका झाडीतून दुसऱ्या झाडीत सुखरूप पळतात, मधली तीन घरे फुकट. सोव्हिएत सेनापती रोटमिस्त्रोव्हचा सगळा बेत अंतर तोडून जवळ भिडण्याचा होता, आणि त्याची किंमत मोजावी लागली ती याच उघड्या घरांत.

प्रतिसाद: वरच्या नियमात ‘टप्पा’ बरोबर आहे, पण सोंगटीवरच्या आकड्याला ‘पल्ला’ म्हणा. पल्ला तोफेचा, टप्प्यात येते ते लक्ष्य. दोन्हीला एकच शब्द ठेवला की ‘टप्पा ८’ म्हणजे आठ घरे चालायची की आठ घरांवर मारा, यावर पहिल्याच पाळीत वाद.

प्रश्नकर्ता: चारही बदलतो. ‘थांब’ उशिरा म्हटले, सोंगटी पुढच्या घरात गेली तर?

प्रतिसाद: हुकले. सोंगटी मागे घ्यायची नाही. चालणाऱ्याने मात्र प्रत्येक घरावर बोट टेकून क्षणभर थांबायचे, नाहीतर तोच घाई करून फुकट निसटतो.